फुली ओली, गोल कोरडी

गोल मी काढला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणाला उगाच माझी दया यायला नको. एकवीस चिठ्ठ्या पडल्या, अकरा गोल निघाले, दहा फुल्या. त्या अकरांतला एक गोल माझा, आणि मी आदल्याच संध्याकाळी सगळ्यांदेखत फुलीसाठी हात वर केला होता.

येराबिनच्या शेडमध्ये त्या साली आम्ही एकवीस जण लोकर कातरत होतो. चार आठवडे पाठ वाकवून झाली, तीन दिवसांचं काम उरलं, आणि पाऊस आला. डार्लिंग नदीच्या त्या भागात पाऊस वर्षवर्ष तोंड दाखवत नाही. दाखवतो तेव्हा नेमका नको तेव्हा.

ओली मेंढी कुणी कातरत नाही. तिची वाफ अंगात शिरते, सांधे धरतात, मांड्यांना गळवं येतात, छाती भरते. डॉक्टर लोक याला हसतात म्हणे. त्यांनी एक दिवस ओली मेंढी दोन गुडघ्यांत धरून बघावी आणि मग हसावं. पण मेंढी ओली की कोरडी हे मालकाने ठरवायचं नाही, आणि आम्ही मारामारी करूनही ठरवायचं नाही. ते चिठ्ठीने ठरतं. सकाळी प्रत्येकाने दोन-दोन मेंढ्या कातरायच्या, हाताने अंदाज घ्यायचा आणि चिठ्ठीवर खूण करायची. अर्ध्याअधिक जणांना लिहिता येत नव्हतं, म्हणून फुली म्हणजे ओली, गोल म्हणजे कोरडी. चिठ्ठी घडी घालून मुकादमाच्या टोपीत टाकायची. जिकडे जास्त तो निकाल, आणि तो सगळ्यांनी पाळायचा: ओली निघाली तर सुकेपर्यंत काम बंद, कोरडी निघाली तर लगेच सुरू. कुणी काय काढलं हे विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. देवाच्या दहाही आज्ञा मोडलेले लोक आमच्यात होते, पण हा नियम मोडलेला एकही नव्हता.

त्या मंगळवारी संध्याकाळी कॉन डूगनने तो मोडला.

कॉन म्हणजे शेडमधला सगळ्यात वेगवान हात. त्याचं नाक दोनदा मोडलेलं होतं, आणि त्याने इतरांची किती मोडली ते त्यालाही आठवत नसावं. जगात तो एकाच माणसाचं ऐकायचा, थोरल्या भावाचं. आईबाप गेल्यावर मार्टिनने त्याला वाढवलं होतं. मार्टिनही आमच्यातच कातरायचा, पण हिवाळ्यापासून त्याची छाती बिघडली होती. तो खोकायला लागला की जेवणाऱ्यांचे हात थांबायचे.

मटण आणि काळा चहा झाल्यावर कॉन बाकावर चढून उभा राहिला.

"उद्या चिठ्ठ्या पडतील," तो म्हणाला. "कोण कुठे आहे ते आत्ताच बघू. फुलीवाले, हात वर."

दहा हात वर गेले. त्यात माझाही. कॉन डूगन समोर उभा असताना हात कुठे न्यायचा हे हातालाच कळतं.

"गोलवाले?"

दुसरे दहा हात. त्यांना घरची ओढ होती आणि ते तसं उघड म्हणत होते. कॉनने त्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या, पण कुणाला बोट लावलं नाही. तोंडावर बोलणाऱ्याचा तो मान ठेवायचा.

उरला एक. सायलस क्विल्टी.

क्विल्टी आणि मी मेंढ्या कोंडायच्या एकाच वाडग्यातून त्या ओढायचो. चार आठवडे त्याचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं. चाळिशी उलटलेला माणूस, बोलणं बेताचं, दारू नाही, रोज दाढी. म्हणून सगळे त्याला पाद्री म्हणायचे.

"पाद्रीबुवा, आपला हात कुठाय?"

"उद्या टोपीत पडेल," क्विल्टी म्हणाला.

"मी आत्ता विचारतोय."

"विचारायचं नसतं, कॉन. तुलाही माहितीये."

"माझा भाऊ मरेल, भडव्या!"

"मग त्याला झोपवून ठेव. त्याच्या वाटच्या मेंढ्या मी कातरतो."

कोपऱ्यातून मार्टिन खेकसला, "मला कुणाची भीक नको. मी अजून मेलो नाही." आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

ती उबळ थांबायच्या आत कॉनने बाकावरून उडी मारली आणि टिनाचा मग क्विल्टीच्या तोंडावर हाणला. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा मगाचा कान तुटून हातात आला. क्विल्टी बाकाखाली गेला, तिथून त्याने काहीतरी चाचपून उचललं. दात होता. तो त्याने पुसून खिशात टाकला.

"विचारून झालं?" तो म्हणाला. दोघं-तिघं हसले. मीही हसलो.

आता माझं सांगतो. इस्बेल, माझी बायको, खाली नदीकाठी एकटी होती आणि तिचे दिवस भरत आले होते. आधीची दोन मुलं जन्मली त्याच आठवड्यात गेली. दोन्ही वेळा मी कुठल्या ना कुठल्या शेडमध्ये होतो. दोन्ही खड्डे तिने शेजाऱ्याकडून खणून घेतले. निघताना ती एवढंच म्हणाली होती, "या वेळी मला शेजाऱ्याला हाक मारायला लावू नकोस." आगबोट शनिवारी दुपारी खाली जाणार होती, पुढची महिन्याने. आणि काम संपायच्या आत शेड सोडली तर करार मोडला म्हणून पोलीस हातकड्या घालून परत आणत. तसा एकाला आणलेला मी पाहिला होता. म्हणजे बुधवारी कातरायला सुरुवात झाली तरच शनिवारी सुटका होती.

बुधवारी सकाळी पाऊस थांबला होता. मी दोन मेंढ्या कातरल्या. वरून सुकलेल्या वाटत होत्या, पण बोटं आत घातली की मुळाशी ओल लागत होती. माझ्या मनात काही शंका नव्हती. ओल्या होत्या.

मुकादम स्टॅथम टोपी घेऊन उभा राहिला. पेन्सिल एकच, आणि टेबल नाही. आमच्याकडे रीत अशी की पुढचा पाठ करून जरा वाकतो आणि मागचा त्याच्या पाठीवर कागद टेकवून खूण करतो. माझ्यापुढे क्विल्टी होता. ओठ सुजून काळा झालेला. त्याने न सांगता पाठ वाकवली. मी चिठ्ठी टेकवली, डावा हात आडवा धरला आणि गोल काढला.

दहा फुल्या, अकरा गोल.

स्टॅथमने आकडे सांगितले तसे सगळे डोळे क्विल्टीकडे गेले. हिशेब सरळ होता ना. दहा हात इकडे, दहा तिकडे, एक हात वर न झालेला. मग अकरावा गोल कुणाचा? वर केलेला हात खोटा असू शकतो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. कॉनसमोर खोटा हात वर करायची कुणाची छाती आहे, असंच सगळ्यांना वाटलं. छाती लागतच नाही त्याला. भित्र्या माणसालाच ते जमतं.

पण मला ठाऊक होतं. ते दहा गोलवाले आणि अकरावा मी. म्हणजे क्विल्टीने फुली काढली होती.

घंटा झाली. अडीच दिवस आम्ही त्या मेंढ्या कातरल्या. ओली लोकर कातरीला चिकटते, मग हात जोर करतो, मग कातर कातडीत जाते. फळ्यांवर रक्त आणि लोकरीचं तेल यांचा चिखल झाला. मेंढीला कापलं की 'डांबर' अशी आरोळी द्यायची, मग जखमेवर लावायला कुणीतरी डबा घेऊन येतं. त्या दिवसांत डांबराशिवाय दुसरा शब्दच ऐकू येत नव्हता. माणसं एकमेकांवर गुरकावत होती. बुधवारी दोघांनी वाडग्याच्या दारात कातरी उगारल्या, एकाची मनगटापासून कोपरापर्यंत साल निघाली. त्यालाही डांबरच लावलं.

मार्टिन डूगन गुरुवारी दुपारी पडला. मेंढीवरच पडला, तिला मिठी मारल्यासारखा. त्याचा शर्ट पिळावा इतका ओला होता आणि अंग तव्यासारखं तापलेलं. कॉन आपली जागा सोडून धावला. भावाला उचलून त्याने भिंतीशी टेकवलं, मग वळला आणि मार्टिनच्या हातून सुटलेल्या त्या अर्ध्या कातरलेल्या मेंढीच्या मानेत कातर मुठीपर्यंत खुपसली. काढली, परत खुपसली. मेंढी मेल्यावरही तो थांबला नाही. आम्ही सगळे खाली मान घालून कातरत राहिलो.

शुक्रवारी उजाडता मार्टिन गेला. दुपारच्या सुट्टीत शेडमागे निलगिरीखाली त्याला पुरलं. माती ओली होती, खणायला त्रास झाला नाही. कॉन रडला नाही. शेवटचं फावडं टाकलं आणि तो तडक शेडमध्ये शिरला, मागे आम्ही.

क्विल्टी पुरायला आला होता, पण लांब उभा राहून आधीच परतला होता. आपल्या जागी बसून तो कातरीला धार लावत होता. चौघांनी त्याला धरलं. तेलकट फळ्यांवरून तो घसरत गेला, त्यांना ओढायला कष्टही पडले नाहीत. लोकरीच्या गासड्या बांधायची प्रेस शेडच्या टोकाला होती. तिच्यापाशी नेऊन त्याला टाकला आणि मग लाथा सुरू झाल्या. बरगडीचा आवाज मी ऐकला. वाळकी काटकी मोडते तसाच असतो तो.

"गोल कुणाचा?" कॉन विचारत होता. मोठ्याने नाही, अगदी हळू. "एवढंच सांग. गोल कुणाचा?"

"मत गुप्त असतं," क्विल्टी म्हणाला.

लाथ.

"फुली काढली असशील तर तसं म्हण. आईशपथ सोडतो तुला. फुली म्हण."

क्विल्टीने एक शब्द बोलायचा होता, आणि तो खरा होता. त्याने रक्त थुंकलं. "मी काय काढलं ते सांगायचं नसतं, आणि तू विचारायचं नसतं. मार्टिनलाही हे माहीत होतं."

"त्याचं नाव घेऊ नकोस!"

कॉनने त्याचा उजवा हात पिरगाळून वर घेतला आणि प्रेसच्या पेटीच्या लाकडी काठावर ठेवला. वर दाबायची जाड फळी लोंबत होती. ती खाली आणायला बाजूला पुरुषभर लांब दांडा.

"फर्गी," कॉन म्हणाला. "इकडे ये."

मी गेलो.

"तू याच्या वाडग्यातला, आणि तू फुलीवाला. तुझ्याशी हा महिनाभर गोड बोलला आणि मग आपल्या सगळ्यांच्या पाठीत सुरा खुपसला. दांडा तू ओढ."

अठरा माणसं बघत होती. माझ्या तोंडात ते शब्द आले होते, जिभेच्या टोकापर्यंत. गोल माझा. दोनच शब्द. मला इस्बेल दिसली, दारात उभी. मला माझा उजवा हात त्या काठावर दिसला. बोटं नसलेला कातरणारा काय खातो, त्याची बायको काय खाते? उद्या शनिवार. आगबोट. एवढं सगळं डोक्यात आलं, आणि एवढ्या वेळात क्विल्टी माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी दांडा ओढला.

पहिल्यांदा फळी अर्धवट आली. "जोर लाव, बायकीपणा करू नकोस," कॉन म्हणाला. मी दोन्ही हातांनी लोंबकळलो. क्विल्टी ओरडला तो आवाज मी इथे लिहिणार नाही. फळी वर घेतली तेव्हा हात काठाला चिकटून राहिला होता, तो कुणीतरी सोडवला. चार बोटं होती त्या जागी जे होतं त्याला बोटं म्हणता येत नव्हतं. मागून कुणीतरी सवयीने आरोळी दिली, "डांबर!" डबा आला. चुलीवरचा होता, गरम. कॉनने तो हात त्यात बुडवला.

मग स्टॅथम आला, त्याने पाहिलं. "काय झालं?" तो म्हणाला. "प्रेसमध्ये हात अडकला," कुणीतरी म्हणालं. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि घंटा वाजवली. दुपारभर आम्ही कातरलं. माझा हात एकदाही चुकला नाही, एकाही मेंढीला ओरखडा नाही. त्याची मला आजही शिसारी येते.

शनिवारी सकाळी लोकरीची गाडी निघाली तेव्हा क्विल्टीला गासड्यांवर निजवलं होतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी गाडीशी गेलो. का गेलो ते विचारू नका.

"पाइप भरून दे," तो म्हणाला. "डाव्या हाताने जमत नाही अजून."

मी भरला, पेटवला, त्याच्या ओठांत दिला. त्याने दोन झुरके घेतले.

"बुधवारी माझा शर्ट ओला होता, फर्गी. अंगाला चिकटलेला. आणि पेन्सिल बोथट." त्याने धूर सोडला. "फुलीला दोन रेघा असतात. गोल फिरत फिरत जातो. एवढं पाठीला कळतं."

मी गाडीचं चाक धरलं.

"तुला माहीत होतं? तेव्हा? तिथे?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाहीस?"

त्याला उत्तर नकोच होतं.

"मी बोललो असतो तर पुढच्या पावसात चिठ्ठी कोण टाकेल?" तो म्हणाला. "मग ओली की कोरडी हे स्टॅथम ठरवेल, नाहीतर कॉन डूगन. बावीस वर्षं कातरतोय मी. एवढी एकच गोष्ट आहे आपल्याकडे, बाबा." गाडीवानाने बैलांना हाक मारली. क्विल्टीने डोळे मिटले. "पोर झालं की हात धुऊन मग घे. लोकरीचं तेल त्यांच्या डोळ्यांना झोंबतं."

गाडी गेली. मी शेडमध्ये परत आलो. शेवटच्या तासाभराचं काम उरलं होतं, अठरा जण वाकले होते. मी आपल्या जागी गेलो नाही. फळ्यांच्या मधोमध उभा राहिलो.

"गोल माझा होता," मी म्हणालो.

कातरी थांबल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेक करून.

"काय म्हणालास?" कॉन ताठ झाला.

"अकरावा गोल माझा. हात फुलीसाठी वर केला आणि काढला गोल. क्विल्टीने फुली काढली होती. तुझ्या बाजूने होता तो, कॉन. हिशेब कर."

त्याचे ओठ हलले. दहा, दहा, एक. मी त्याच्या चेहऱ्यावर तो हिशेब होताना पाहिला. झाला तेव्हा त्याचा रंग उडाला. हातात कातर घेऊन तो माझ्याकडे चालत आला. मी उजवा हात पुढे केला. खरं सांगतो, त्या क्षणी मला तो हात नको होता. त्याने घेऊन टाकावा असं मला वाटत होतं.

कॉन हाताकडे बघत राहिला. मग त्याने मागे वळून त्या चौघांकडे पाहिलं, ज्यांनी क्विल्टीला धरलं होतं. चौघांनी माना खाली घातल्या.

"मत गुप्त असतं, फर्गी," कॉन म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "सांगायचं नसतं."

"कॉन, ऐक..."

त्याने कातरीच्या मुठीने माझ्या जबड्यावर मारलं. मी पडलो. तो माझ्यावर वाकला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, भावासाठी न आलेलं. "परत हे तोंडातून काढलंस तर जीभ छाटीन. कुणी काही ऐकलं का रे?"

"नाही," कुणीतरी म्हणालं.

"काही नाही," दुसरा म्हणाला.

कुणीतरी वाडग्यातून मेंढी ओढली. मग दुसऱ्याने. कातरी परत सुरू झाल्या, आणि थोड्या वेळाने मीही उठून माझी ओढली.

आगबोट मला मिळाली. सोमवारी पोचलो. मुलगी माझ्याआधी दोन दिवस येऊन बसली होती, गुलाबी, रागीट, जिवंत. इस्बेल खाटेवर बसली होती, आणि शेजाऱ्याला हाक मारावी लागली नव्हती. ती माझ्या सुजलेल्या जबड्याकडे बघून हसली, म्हणाली, कुणाशी भांडलास, घे ना तिला.

मी कोपऱ्यातल्या परातीत पाणी घेतलं आणि साबण लावला. पाणी बदललं, परत लावला. बोटांच्या बेचक्या घासल्या, नखं घासली, मनगटं घासली. पाणी केव्हाच स्वच्छ राहायला लागलं होतं.

"पुरे की," इस्बेल म्हणाली. "झोपेल ती. येतोस ना?"

"येतो," मी म्हणालो, आणि पुन्हा साबण घेतला.